मधला शनिवार

गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळा ऑइलपेंट लागतो. मिळेल ती सगळ्यात लहान डबी, एक बारीक ब्रश, थोडं टर्पेंटाइन आणि चुन्याची पिशवी. चुना कालवायची बादली घरचीच, कडी तुटलेली, वर्षभर मोरीमागे उपडी पडलेली असते. नगरच्या ज्या हार्डवेअरच्या दुकानातून हे सामान येतं, तिथल्या मालकांना आता काही सांगावं लागत नाही. पप्पा दारात दिसले की ते पोऱ्याला हाक मारतात, "अरे, कबरस्तानची डबी काढ रे." त्यांच्या बोलण्यात सुतकी सूर अजिबात नसतो. त्यांच्या लेखी तो सीझन आहे. पावसाळ्याआधी पत्र्याचे खिळे, पोळ्याआधी हिंगूळ, आणि मार्च-एप्रिलमधल्या कुठल्यातरी एका शनिवारी काळा ऑइलपेंट.

'कुठल्यातरी' म्हणायचं कारण, ही तारीख दर वर्षी हलते. नाताळ पंचवीस डिसेंबरचा म्हणजे पंचवीस डिसेंबरचाच. ईस्टर मात्र गल्लीतल्या बाकीच्या सणांप्रमाणे चंद्राच्या मागे हिंडतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्यानंतरचा पहिला रविवार तो ईस्टर, आणि त्याच्या मागचा शुक्रवार तो गुड फ्रायडे. इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेने ईस्टर सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा असं ठरवलं, आणि पुढे पंडितांच्या पिढ्यांनी गणितं मांडून हा हिशेब पक्का केला. त्यामुळे ईस्टर २२ मार्चच्या अलीकडे येत नाही आणि २५ एप्रिलच्या पलीकडे जात नाही. माझ्या आजीला निकिया ठाऊक नव्हतं. ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आधी पौर्णिमा शोधायची आणि मग तिथून बोट सरकवत तांबड्या आकड्याच्या शुक्रवारवर आणून ठेवायची. "मारुतीचा जन्म झाला की आपला शुक्रवार लांब नसतो," हे तिचं पंचांग. बहुतेक वर्षी ते बरोबरही निघायचं. २०२६ सालचंच बघा ना, हनुमान जयंती गुरुवारी २ एप्रिलला आणि गुड फ्रायडे लगेच ३ तारखेला. एकाच पौर्णिमेचा चंद्र, मारुतीच्या देवळावर आणि आमच्या चर्चच्या कौलांवर.

पण कधीकधी ती पौर्णिमा चैत्रातली नसते, फाल्गुनातली असते. २००८ साली असंच झालं. गुड फ्रायडे २१ मार्चला आला आणि त्याच संध्याकाळी होळी. आमच्या घरात त्या दिवशी रेडिओ नाही, टीव्ही नाही, मोठ्याने हसणं नाही. आजीने तर घरात खिळा ठोकायलाही बंदी घातलेली. एका वर्षी भिंतीवरची तसबीर नेमकी गुड फ्रायडेला निसटली, ती शनिवार सकाळपर्यंत भिंतीला टेकून जमिनीवरच उभी होती. तर अशा घराच्या दारासमोर गल्लीची होळी रचली गेली. आम्ही तीन तासांच्या उपासनेहून परतलेलो, पोटात भूक, अंगात आळस, आणि बाहेर एरंडाची फांदी उभी राहतेय, गोवऱ्या चढतायत, पोरं आत्तापासूनच बोंबा मारायची तालीम करतायत. आठच्या सुमारास होळी पेटली आणि असा काही गलका झाला की पप्पा दार लावायला उठले. आजी माजघरात पाटावर बसली होती. तिथूनच म्हणाली, "राहू दे उघडं. मारू देत बोंबा. त्या दिवशी मारायला हव्या होत्या तेव्हा कुणी मारल्या नाहीत."

पप्पा दारात तसेच थांबले. गुड फ्रायडेवर मी पुढे कितीतरी प्रवचनं ऐकली, शिकलेल्या माणसांची, परदेशी जाऊन आलेल्यांचीही. त्या दिवशी आमच्या उंबऱ्याच्या आतून जे ऐकू आलं त्याच्या जवळपास जाणारं त्यांतलं एखाद-दुसरंच.

थोड्या वेळाने शेजारच्या काकू पुरणपोळ्या घेऊन आल्या. त्यांना आमचा उपास माहीत होता, म्हणून त्या जरा संकोचून उंबऱ्यातच उभ्या. आजीने दोन्ही हातांनी ताट घेतलं, पोळ्या आपल्या डब्यात काढल्या, रिकामं ताट परत द्यायचं नाही म्हणून त्यात साखर घातली आणि म्हणाली, "परवा खाऊ हो आम्ही. तोवर मुरतील चांगल्या." पुरणपोळी मुरते की नाही ते मला सांगता येणार नाही. पण त्या डब्याचं झाकण दीड दिवसात इतक्या वेळा उघडून बंद झालं की रविवारी आजीने मोजल्यावर एक पोळी कमी भरली, आणि ईस्टरच्या दिवशी रागवायचं नाही हा नियम तिनेच केलेला असल्याने तिला गप्प बसावं लागलं.

शुक्रवारची उपासना बारा ते तीन. शुभवर्तमानात त्या वेळी अंधार पडला होता असं सांगितलंय. नगरला त्या वेळी पडतं ते ऊन. चपला बाहेर काढून ठेवलेल्या असतात आणि उपासना संपल्यावर त्यांत पाय घालणं हे एक वेगळंच प्रायश्चित्त असतं. आत सतरंज्यांवर पांढऱ्या साड्यांच्या ओळी, कडेला खुर्च्यांवर गुडघे दुखणारी मंडळी, आणि वर संथ फिरणारे पंखे, ज्यांचा वारा नेमका दोन ओळींच्या मधे पडतो. वधस्तंभावरून येशूने काढलेले सात उद्गार, त्यांवर सात वक्ते, आणि प्रत्येक दोघांच्या मधे एक गीत. प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेली असते. पहिल्या उद्गाराला, क्षमेच्या, जो उभा राहतो तो नेमका ती वेळ ओलांडतो, आणि मग क्षमा करायची पाळी पुढच्या सहा जणांवर येते.

ही सात उद्गारांची तीन तासांची उपासना मूळची पेरू देशातल्या लीमा शहरातली, सतराव्या शतकाच्या अखेरीस एका जेझुइट फादरांनी सुरू केलेली. पुढे स्पेनमधल्या कादिस शहरातल्या अशाच एका उपासनेसाठी हायडनने त्या उद्गारांना संगीत दिलं. लीमाहून निघालेली ही रीत फिरत फिरत आम्हा प्रॉटेस्टंटांकडे आली आणि नगरच्या उन्हात येऊन बसली. हायडनच्या जागी आमच्याकडे पेटी आणि तबला असतो. रेव्हरंड टिळकांची पदं असतात, कृष्णराव सांगळ्यांची असतात, आणि म्हाताऱ्या बायका पुस्तकाकडे न बघता ती म्हणतात. मात्रा चुकली तर तबलजीने त्यांच्या मागे जायचं, त्यांनी तबलजीच्या नाही.

लहान असताना आमचं सगळं लक्ष पाचव्या उद्गाराकडे लागलेलं असायचं. तो तहानेचा. एप्रिलची दुपार, दोन वाजून गेलेले, सकाळपासून पोटात काही नाही, आणि समोर उभा राहिलेला गृहस्थ तहानेवर बोलायच्या आधी तांब्यातून पेल्यात पाणी ओतून घटाघटा पितो. दर वर्षी कुणी ना कुणी हे करायचंच. आम्ही भावंडं एकमेकांना कोपरं मारायचो. मम्मी डोळे वटारायची, आणि तिच्याही ओठांचा कोपरा हललेला असायचा.

मला आता ओढ असते ती चौथ्या उद्गाराची. तिथे येशू देवालाच विचारतो, तू मला का सोडलंस म्हणून. खरं तर तो प्रश्न. पण आमचे वक्ते प्रश्नाला घाबरतात. प्रश्न वाचून होतो न होतो तोच उत्तर द्यायला धावतात, स्तोत्रांतले दाखले काढतात, हे तर आधीच लिहून ठेवलेलं होतं असं दाखवून देतात आणि घाईघाईने पाचव्याकडे वळतात. एकदा एक शाळेतल्या बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या घरात त्याच वर्षी एक जाणं झालेलं होतं. त्यांनी तो उद्गार वाचला, मग थांबल्या, पुन्हा वाचला, आणि "मला एवढंच बोलायचं आहे" म्हणून खाली बसल्या. पेटीवाले गडबडले. त्यांना पुढचं गीत इतक्या लवकर येईल असं वाटलंच नव्हतं.

तीनला सगळं संपतं. कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. घरी मुगाची खिचडी आणि कढी. मग झोप.

त्याच वेळी, मला नंतर पुण्यात नोकरी लागल्यावर कळलं, बाकीचं जग रस्त्यावर असतं. शुक्रवार, शनिवार, रविवार जोडून आले की महाबळेश्वरला खोली मिळत नाही, कोकणात जाणाऱ्या गाड्या घाटात अडकतात, शिर्डीची रांग वाढते. आमच्या ऑफिसात जानेवारीतच नव्या कॅलेंडरवर लोक या सुट्ट्या शोधून ठेवतात, आणि गुड फ्रायडेला बरोबर ओळखतात, कारण तो कधीच रविवारी येऊन सुट्टी बुडवत नाही. मला आधी याचा राग यायचा. पुढे वाटलं, राग कशाला? आम्ही दसऱ्याच्या सुट्टीत काय रावण जाळतो का? आम्हीही डबे भरून डोंगरगणलाच जायचो. दुसऱ्याच्या सणाची सुट्टी आपल्याला आयती मिळते, आणि आपल्या सणाची त्याला. या देशात एकमेकांना देण्यासारखं जे काही आपल्याकडे आहे, त्यात ही देणगी अगदी वाईट नाही.

तर शनिवार. शुक्रवारी चर्च भरलेलं, रविवारी तर उभं राहायला जागा नाही. मधल्या शनिवारी आमच्याकडे उपासना नाही, प्रवचन नाही, घंटा नाही. शुभवर्तमानांतही त्या दिवसाबद्दल जवळजवळ काही नाही. मत्तय सांगतो की थडग्यावर पहारा बसवला आणि धोंडेला शिक्का मारला. लूक सांगतो की बायकांनी सुगंधी द्रव्यं तयार केली, आणि मग शब्बाथ म्हणून त्या स्वस्थ राहिल्या. बस्स. मी हे कितीदा ऐकलं असेल, पण त्यातली गोष्ट ध्यानात यायला वेळ लागला. त्या शनिवारी सुट्टी होती. धर्माने घातलेली, सक्तीची, कुणाला मोडता न येणारी. ज्या बायकांचं माणूस गेलंय, ज्यांना कधी एकदा जाऊन त्याचं शेवटचं करतो असं झालंय, त्यांना सुट्टी आडवी आली. तेलं, मसाले तयार करून ठेवलेले, हात मोकळे, आणि दिवस काही मावळत नाही. घरात मृत्यू झालेला असताना मधेच सण यावा, दुकानं बंद असावीत, कचेरी उघडी नसावी, दाखला मिळू नये, हे ज्यांनी भोगलंय त्यांना तो शनिवार बायबल न वाचताही कळेल.

आमच्या घरात मात्र त्या शनिवारी हात मोकळे नसतात. पप्पा बँकेत होते. तेव्हा शनिवारी बँक अर्धा दिवस. ते आले, जेवले, की चारच्या सुमारास ऊन कलल्यावर आम्ही बादली, झाडू, खुरपं, चुना, ऑइलपेंट आणि पाण्याचा कॅन घेऊन कबरस्तानाकडे निघायचो. दुसऱ्या दिवशी पहाटेची उपासना तिथेच असते, म्हणून सगळ्यांनी आपापल्या कबरी साफ करून ठेवायच्या. रस्ताभर ओळखीची माणसं भेटतात, प्रत्येकाच्या हातात बादली. आत गेलं की कामाची वाटणी ठरलेली. काका गवत काढणार, काकू धुणार, मम्मी चुना देणार, आणि आत्या सगळ्यांना सूचना देणार. मुलांनी कुठल्याही कबरीवर बसायचं नाही, पण पळायला मुभा.

मला सातवीत असताना बढती मिळाली, अक्षरं रंगवायची. आजोबांच्या कबरीवर शहाबादी फरशी आहे आणि तिच्यात अक्षरं खोदलेली आहेत. नगरचं ऊन वर्षभरात काळा रंग खाऊन टाकतं. अक्षरांच्या खोबणीत माती बसते, मुंग्यांची वारुळं होतात, एखाद्या वेलांटीत गवताची काडी रुजलेली असते. आधी ती माचिसच्या काडीने कोरून काढायची, फुंकर मारायची, ओल्या फडक्याने पुसायचं, वाळू द्यायचं. मग ब्रश अगदी थोडा बुडवून, डबीच्या कडेला निथळून, खोबणीच्या तळाला टेकवायचा. रंग आपला आपण वाहत जातो. सरळ दांडा सोपा. 'ख्रिस्तवासी' मधला 'ख्रि' फार छळतो. पाथरवटाने तो खोदताना छिन्नी घसरली असावी, कारण रकाराच्या जागी एक टवका उडालाय आणि रंग तिथून बाहेर पळतो. तो टर्पेंटाइनच्या चिंधीने टिपायचा. मग तारीख. मी जन्मायच्या कितीतरी आधीची ती तारीख, तिचा प्रत्येक आकडा मी इतका जवळून पाहिलाय की आजोबा म्हटल्यावर मला त्यांचा चेहरा आठवत नाही, फोटोतला तेवढा आठवतो, पण त्यांच्या तारखेतल्या नऊचं पोट कुठे फुगलंय ते डोळे मिटून सांगेन. माणसाची ओळख अशीही होते, त्याला काही इलाज नाही.

बाजूच्या कबरींचीही ओळख होत जाते. आपली रंगवून झाली आणि डबीत रंग उरला तर शेजारची रंगवायची असा रिवाज आहे, कारण उघडलेला रंग पुढच्या वर्षापर्यंत टिकत नाही. काही कबरींना कुणी येत नाही. माणसं मुंबईला, मस्कतला, कॅनडात गेली. आमच्या उजव्या हाताला एका मिशन शाळेतल्या मास्तरांची कबर आहे, त्यांचं आमचं काहीच नातं नाही, पण त्यांची अक्षरं बहुतेक आमच्याच उरलेल्या रंगाने काळी राहिली आहेत. एका वर्षी त्यांची नात आली. तिला वाटलं होतं नाव पुसलं गेलं असेल. ती पप्पांचे आभार मानू लागली तर पप्पा म्हणाले, "छे हो, रंग वाया जात होता."

त्या २००८ सालच्या शनिवारी धुळवड होती. चार वाजेपर्यंत रंग थांबतील असा पप्पांचा अंदाज. तो साफ चुकला. कोपऱ्यावर आम्हाला अडवलं आणि चुन्याची बादली हातात असतानाच रंगवलं. मम्मीच्या पांढऱ्या साडीवर गुलाबी हात उमटला, काकांचं टक्कल हिरवं झालं. कबरस्तानात पोचलो तर सगळी मंडळी अशीच, जांभळी, तांबडी, पोपटी, आणि सगळ्यांचे चेहरे ओशाळलेले. पाळकसाहेबही पाहणीला आले होते. त्यांच्या दाढीत गुलाल होता. त्यांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि काही न बोलता खुरपं हातात घेतलं. त्या वर्षी चुना दिलेल्या बऱ्याच कबरींवर गुलाबी ठसे राहिले आणि ते पावसाळ्यापर्यंत गेले नाहीत.

आजी त्यानंतर फार वर्षं नव्हती. तिची कबर आजोबांच्या पायथ्याशी आहे, आणि तिच्यावर आता ग्रॅनाइट बसवावं का यावर घरात वाद चालू आहे. चुलतभावाचं म्हणणं, ग्रॅनाइटवर मशीनने अक्षरं कोरून सोनेरी रंग भरला की काही बघायला नको, कितीक वर्षं हलत नाही. ते खरं आहे. शिवाय आता आमच्यातले निम्मे लोक शनिवारी पोचूच शकत नाहीत, आणि पप्पांना खाली बसून उठणं जड जातं. मी विरोधात आहे, पण माझ्या बाजूला धड मुद्दा नाही. "मग दर वर्षी काय करायचं तिथे जाऊन?" एवढंच मला सुचतं, आणि भाऊ म्हणतो, "फुलं ठेवायची." मम्मी दोघांचंही ऐकून घेते आणि विषय पुढच्या ईस्टरवर ढकलते.

शनिवारी रात्री घर पुन्हा जागं होतं. कांद्याच्या सालींच्या पाण्यात अंडी उकडायला ठेवतात, ती विटकरी होऊन निघतात. करंज्या तळल्या जातात. पूर्वी आजी दिवाबत्तीनंतर 'ख्रिस्तायन' काढायची, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, आणि त्यातलं थोडं वाचायची. टिळक १९१९ साली गेले तेव्हा ते काव्य अर्धवटच होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरं केलं. टिळकांनी लिहिलं होतं त्याच्या कितीतरी पट त्यांना लिहावं लागलं. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊक नसतं, आणि आजीला त्याचा राग होता. "जमाखर्च, भांडणं, उपासतापास एवढंच वाचतात बाईचं," म्हणायची. मला वाटतं त्या शनिवारी ते पुस्तक काढण्यात तिचा काही हिशेब असावा. विचारायला हवं होतं, राहून गेलं.

रविवारी पहाटे चारला प्रभातफेरी निघते. ढोलकी, टाळ, पुढे एक कंदील, आता त्याच्या जागी बॅटरीचा दिवा. गल्लीतली कुत्री साथ देतात. गाणी म्हणत कबरस्तानात पोचायचं, चुना दिलेल्या कबरी अंधारात आधी दिसतात, माणसं मागून. सूर्य उगवायच्या बेताला पाळकसाहेब "प्रभू उठला आहे" म्हणतात आणि सगळे "खरोखर उठला आहे" म्हणून उत्तर देतात. मग चहा. कबरस्तानातला तो चहा फार गोड असतो, आणि तो पीत पीत माणसं कालची कामं एकमेकांना दाखवत हिंडतात, तुमचा चुना चांगला बसलाय, आमचा जरा पातळ झाला.

पुन्हा चर्च, मग घरी मटण, आणि दुपार कलली की सहल. ही सहलीची परंपरा काकांनी सुरू केली. ठिकाणही त्यांनीच ठरवलेलं, चांदबिबीचा महाल. पूर्वी भाड्याचा टेम्पो असायचा, आता दोन-तीन गाड्या. डोंगरावर ती अष्टकोनी दगडी इमारत उभी आहे, तीन मजली, नक्षी फारशी नाही, कमानींमागे कमानी. भिंतीच्या जाडीतून जिना चढतो, अंधारा, वटवाघळांच्या वासाचा, आणि वर आल्यावर वारा असा अंगावर येतो की पदर, टोप्या, कागदी प्लेटा सांभाळताना धांदल उडते. खाली नगर पसरलेलं. ओरडलं की घुमटातून आवाज परत येतो, त्यामुळे प्रत्येक पिढीच्या मुलांनी तिथे आपापली नावं ओरडून घेतलेली आहेत.

महाल म्हणतात, पण तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे, मुर्तझा निजामशहाचा वजीर होता त्याची. तो खाली तळघरात आहे. आम्ही वर चादरी पसरून अंडी सोलायचो, करंज्या खायचो, अंताक्षरी खेळायचो. शनिवारी एका कबरीपाशी गुडघे टेकून, पहाटे पुन्हा तिच्यापाशीच चहा पिऊन, संध्याकाळी सहलीला निघालेलं आमचं घर दुसऱ्या एका कबरीवर जाऊन बसायचं, आणि कुणाला यात काही विशेष वाटायचं नाही. काकांना मी एकदा विचारलं, हेच ठिकाण का निवडलं? ते म्हणाले, "तिकीट नाही, सावली आहे, वारा आहे. अजून काय पाहिजे?"

रविवारी रात्री पुण्याला परतताना रांजणगावच्या पुढे गाड्या तुंबतात. सुट्टी संपवून निघालेलं सगळं जग तिथे एकत्र येतं. शेजारच्या गाडीच्या काचेवर शनिशिंगणापूरचा नवा स्टिकर, पुढच्या गाडीच्या टपावर बांधलेली खेळण्यातली सायकल, मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेली मुलं. आमच्या गाडीत विटकरी अंड्यांचा उरलेला डबा. लोणीकंदपर्यंत तो संपतो.

सोमवारी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी सगळे आपापले फोटो दाखवतात. दिवेआगर, तापोळा, कुणी गोव्यापर्यंत जाऊन आलेलं. मला विचारतात, "तू कुठे होतीस?" नगरला म्हटलं की, "नगरला काय आहे बघायला?" मी चांदबिबीचा महाल सांगते. तो कुणी पाहिलेला नसतो. रस्ता विचारतात, तोही सांगते. पाथर्डी रस्त्याने शहराबाहेर पडा, थेट वर गाडी जाते, ऊन उतरल्यावरच निघा. वर खायला काही मिळत नाही, घरूनच न्या. आणि टोप्या सांभाळा, वारा फार असतो.